ठासणीचें पिस्तूल

प्रत्येक मनुष्यास कांहीं ना कांहीं वेड असतें, आणि तें त्याच्या स्वभावाशीं जितकें विसंगत तितकें अधिक चिवट असतें, असा आमचा अनुभव आहे. आम्ही स्वतः गेलीं अठ्ठावीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. आवाज चढवून बोलण्याचा प्रसंग वर्गाबाहेर आमच्यावर क्वचितच येतो. उभ्या जन्मांत आम्हीं बंदुकीचा एकहि बार काढलेला नाहीं. आणि दिवाळींत फटाक्याची वात पेटवितांना आमचा हात कसा कांपतो, हें आमच्या घरच्या मंडळींस चांगलें ठाऊक आहे. असें असून आमचें वेड म्हणजे जुनीं पिस्तुलें! नवा गांव पाहण्याचा योग आला म्हणजे सौभाग्यवतींचीं पावलें देवळाकडे वळतात, मुलांचीं उपाहारगृहाकडे, आणि आमचीं संग्रहालयाच्या शस्त्रदालनाकडे. तेथें कांचेपलीकडे निजलेल्या त्या वांकड्या दस्त्याच्या, लांबट नळीच्या वस्तूंकडे आम्ही तासन् तास पाहत राहतों. “एवढें काय आहे त्यांत?” असें कोणी विचारलें तर आजवर आम्हांस नीटसें उत्तर देतां येत नसे. तें उत्तर अलीकडे, व तेंहि अगदीं आमच्या घरांतच, सांपडलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

या वेडाचा उगम रणांगणांत नसून ग्रंथालयांत आहे. विद्यार्थिदशेंत आम्ही शेरिडनचें १७७५ सालचें ‘द रायव्हल्स’ हें नाटक वाचीत होतों. त्यांतील बॉब एकर्स नांवाचा बढाईखोर गृहस्थ द्वंद्वयुद्धाच्या जागीं येऊन प्रतिस्पर्ध्याची वाट पाहूं लागतो, आणि जसजसा वेळ जातो तसतशी त्याची वीरश्री पातळ होत जाते. तो प्रवेश वाचून आम्हीं पोट धरधरून हंसलों. पण हंसतां हंसतां मनांत आलें कीं, या लोकांच्या हातांतलें पिस्तूल असतें तरी कसें? तें भरतात कसें, आणि उडतें कसें? या शंकेच्या निरसनासाठीं एक ग्रंथ उघडला, त्यांतून दुसऱ्याचा पत्ता लागला, आणि पाहतां पाहतां तीस-पसतीस वर्षें निघून गेलीं.

आमच्या आवडत्या पिस्तुलांत पहिला मान एका सम्राटाच्या पिस्तुलाचा. आमची कन्या अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहते. तिच्याकडे गेलों असतां न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत तें आम्हीं डोळे भरून पाहिलें. म्यूनिकच्या पीटर पेक या कारागिरानें १५४० ते १५४५ च्या सुमारास तें पांचव्या चार्लस बादशहाकरितां घडविलें. पेक घड्याळेंहि करीत असे, आणि या पिस्तुलाकडे पाहून तें तत्काळ पटतें. दोन नळ्या, प्रत्येकीस स्वतंत्र कळ, लांकडी दस्त्यावर सांबरशिंगाची कोरीव जडणघडण, पोलादावर बादशहाचा दुतोंडी गरुड! यांतील कळ चाकाची आहे. दांतेरी पोलादी चाकास चावीनें पीळ द्यावयाचा. चाप ओढला कीं तें चाक गर्कन् फिरून त्यावर टेकलेल्या लोहमाक्षिकाच्या खड्याशीं घासतें, ठिणग्या उडतात, आणि कानावरची बारीक दारू, म्हणजे रंजक, पेट घेते.

या चाकाचें महत्त्व कळण्यास त्याच्या आधीची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. तोपर्यंतची बंदूक तोड्याची असे. जळता तोडा हातांत बाळगावयाचा. त्याचा निखारा अंधारांत दुरून दिसे आणि त्याचा वास वाऱ्यावरून पुढें जाई. असलें हत्यार अंगरख्याखालीं लपवून कोणाच्या भेटीस जातां येत नसे. चाकाच्या कळीनें ती अडचण दूर केली. भरलेलें हत्यार तासन् तास गुपचूप जवळ ठेवतां येऊं लागलें. म्हणूनच चार्लसचा आजा सम्राट मॅक्सिमिलियन यानें १५१७ च्या सुमारास असल्या आपोआप पेटणाऱ्या हत्यारांवर बंदी घातली. आजानें जी वस्तु निषिद्ध ठरविली तीच नातवानें नक्षीनें मढवून घेतली! आजाची भीति खोटी नव्हती. १० जुलै १५८४ रोजीं डेल्फ्ट येथें ऑरेंजचा राजपुत्र विल्यम आपल्या वाड्यांत जेवून उठला असतां भेटीस आलेल्या इसमानें चाकाच्या कळीच्या पिस्तुलानें त्याचा प्राण घेतला. त्या जिन्याजवळील भिंतींतलीं गोळ्यांचीं भोकें अद्याप प्रेक्षकांस दाखवितात.

दुसरा मान चकमकीच्या पिस्तुलाचा. सतराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें ही कळ सुधारली, आणि पुढें दोनशें वर्षें तिनें जगावर राज्य केलें. घोड्याच्या जबड्यांत गारगोटी. चाप ओढला कीं ती पोलादी पट्टीवर आपटते, पट्टी पुढें सरून रंजकाची वाटी उघडी पडते, आणि ठिणगी आंत पडते. रचना साधी, परंतु भरण्याचा विधि एकाद्या पूजेसारखा. दारू मापून नळींत ओतावयाची, चिंधींत गुंडाळलेली गोळी वर ठेवावयाची, गजानें ती तळापर्यंत ठासावयाची, गज काढून जागच्या जागीं ठेवावयाचा, वाटींत रंजक घालून झांकण लावावयाचें, आणि मग घोडा चढवावयाचा. सरावलेल्या हातासहि यास निदान अर्धें मिनिट लागे, आणि एवढें करून बार उडेलच याची शाश्वति नसे. गारगोटी झिजलेली असे, कान चोंदलेला असे, दारू दमट असे.

दमट दारूचें एक उदाहरण आपल्या देशाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १७ ऑगस्ट १७८० रोजीं कलकत्त्यानजीक अलीपूर येथें गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज व त्याच्याच कौन्सिलचा सभासद फिलिप फ्रान्सिस हे पिस्तुलें घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले. ज्यांच्या शब्दावर बंगालचा कारभार चाले असे हे दोन पुरुष, पण या कामांत दोघेहि अगदीं नवशिके! बंगालच्या पावसाळ्यानें फ्रान्सिसची दारू ओलावलेली. त्याचा बार प्रथम उडालाच नाहीं, व ती दारू बदलून द्यावी लागली. अखेर हेस्टिंग्जच्या गोळीनें फ्रान्सिस जखमी झाला, पण वांचला. आणि विलायतेस परत जाऊन त्यानें हेस्टिंग्जवरील खटल्याच्या कामीं बर्कसारख्या वक्त्यास हरतऱ्हेचें साहाय्य केलें. तो खटला १७८८ पासून १७९५ पर्यंत चालला. त्या दोघांमधील खरें युद्ध कागदांचें होतें. पिस्तूल हें त्यांतलें एक पान मात्र.

याच कळीची दुसरी खोड अशी कीं, रंजक पेटणें व गोळी सुटणें यांत क्षणाचें अंतर पडे. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गांवचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांस पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. वाटींतला भपकारा पाहून पांखरें गोळी येण्याआधींच उडून जात, याचा त्यांस मोठा त्रास होई. त्यावर उपाय म्हणून त्यांनीं आघातानें पेटणाऱ्या द्रव्याची योजना केली, आणि १८०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. त्यांतूनच पुढें तांब्याची टोपी निघाली. घोडा टोपीवर पडला कीं बार तत्क्षणीं उडे. पाऊस नाहीं, वारा नाहीं, भपकारा नाहीं. पांखरांच्या वांट्यास आलेली ती क्षणाची सवड एका धर्मोपदेशकानें काढून घेतली.

ही गोष्ट प्रथम वाचली तेव्हां आमच्या मनांत एक विचार चमकला, व तो पुढें दृढ होत गेला. पिस्तुलाचा सारा इतिहास म्हणजे मनुष्याचा क्रोध व त्याचें कृत्य यांमधील सवड कमी करीत जाण्याचा इतिहास होय. तोड्यानें दिलेली सवड चाकानें घेतली, वाटीची टोपीनें घेतली. मग वाटूं लागलें कीं, जुनीं पिस्तुलें आम्हांस प्रिय आहेत तीं नक्षीमुळें नव्हेत, तर या सवडीमुळें. त्यांत घालावी लागणारी प्रत्येक वस्तु, चिंधी, गोळी, दारू, रंजक, मनुष्यास जणुं पुनःपुन्हां विचारते, “अजून निश्चय कायम आहे ना?”

हा सिद्धांत आम्हांस इतका आवडला कीं, त्याच्या धुंदींत आम्ही कांहीं वर्षें होतों. तो लंगडा आहे हें आमच्या ध्यानांत आलें तें हडसन नदीच्या कांठीं, वीहॉकन येथें. हें गांव कन्येच्या घरापासून फार दूर नाहीं. येथील कड्याखालीं ११ जुलै १८०४ रोजीं सकाळीं अमेरिकेचा उपाध्यक्ष ॲरन बर व त्या राष्ट्राचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचें द्वंद्व झालें. ती मूळ जागा पुढें रेल्वेच्या कामांत नाहींशी झाली. वर कड्यावर हॅमिल्टनचा अर्धपुतळा आहे, आणि समोर नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींची रांग. पिस्तुलें लंडनच्या वॉग्डनच्या कारखान्यांतलीं, हॅमिल्टनच्या साडूच्या मालकीचीं. त्यांच्या चापांत एक गुप्त योजना होती. ती लावून ठेवली तर बोटाच्या नुसत्या स्पर्शानें बार उडे. ती लावूं का, असें साहाय्यकानें विचारलें असतां हॅमिल्टननें या खेपेस नको म्हणून सांगितलें. त्याची गोळी वर झाडांत गेली. बरची गोळी त्याच्या पोटांत शिरली, आणि दुसऱ्या दिवशीं तो वारला. तीन वर्षांपूर्वीं त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा फिलिप अशाच द्वंद्वांत मेला होता, आणि त्या वेळचीं पिस्तुलेंहि हींच, असें मानलें जातें.

आतां या प्रकरणांत सवड किती होती पहा. बरचें पहिलें पत्र १८ जूनचें. गोळी सुटली ११ जुलैला. मध्यें तेवीस दिवस! पत्रांवर पत्रें झालीं, मध्यस्थांच्या फेऱ्या झाल्या, मृत्युपत्र लिहिलें गेलें. अर्ध्या मिनिटाची काय कथा, तेवीस दिवसांनींहि कांहीं झालें नाहीं. पुश्किननें ‘येव्गेनी ओनेगिन’ मध्यें गोळी ठासण्यापासून वाटींत दारू पडेपर्यंतची क्रिया मोठ्या बारकाईनें वर्णिली आहे. त्या काव्यांतले दोन मित्र ती सारी पाहत उभे राहतात, आणि तरी एक दुसऱ्यास ठार करतो. तो कवि स्वतः १८३७ सालीं द्वंद्वांतच प्राणास मुकला. क्रोध वेळानें निवतो, अभिमान वेळानें मुरतो. तेव्हां नुसत्या सवडीनें माणूस वांचत नाहीं, एवढें कबूल करून आम्ही त्या कड्यावरून खालीं उतरलों.

तिसरें पिस्तूल सांगून ही नामावळी पुरी करतों. तें म्हणजे सॅम्युएल कोल्टचें १८५१ सालचें ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर. कोल्टनें १८३६ सालीं अमेरिकन पेटंट घेऊन न्यू जर्सींतील पॅटर्सन येथें पहिला कारखाना काढला. तो १८४२ मध्यें बुडाला. पण मेक्सिकोच्या युद्धानें त्याचें नशीब फिरलें. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत त्यानें आपला माल मांडला, आणि १८५३ मध्यें थेम्स नदीच्या कांठीं कारखानाहि काढला. ‘नेव्ही’ चें फिरतें सहा घरांचें चक्र, त्यावर कोरलेली १८४३ सालच्या समुद्रयुद्धाची जहाजें, अष्टकोनी नळी, हातांत सहज बसणारा पितळी कड्याचा दस्ता, या सर्वांत असा कांहीं मेळ आहे कीं, यंत्रानें हजारोंनीं काढलेली वस्तु इतकी सुरेख असूं शकते याचें नवल वाटतें. परंतु त्याच्यापाशीं सवड उरली नाहीं. भरण्याचा खटाटोप आहेच, पण तो सकाळीं शांतपणें उरकून ठेवावयाचा. रागाच्या वेळीं सहा बार हात जोडून उभे! त्यापुढें काडतूस आलें, आणि मग आपोआप भरलें जाणारें पिस्तूल आलें. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत प्रार्थनेस निघालेल्या महात्म्यावर ज्यानें तीन गोळ्या झाडल्या त्याच्या हातांत असलें स्वयंचलित पिस्तूल होतें, आणि तो हात मराठी होता. आमच्या आवडीच्या यादींत त्या जातीस जागा नाहीं.

आतां घरच्या पिस्तुलाची हकीकत. कोंकणांतील आमच्या मूळ घरीं माळ्यावरील शिसवी पेटींत एक एकनळी, टोपीचें, ठासणीचें पिस्तूल कापडांत गुंडाळून ठेवलेलें होतें. पणजोबांनीं संस्थानी चाकरींत असतां तें मिळविलें. त्यावर नक्षी नाहीं, कारागिराचें नांवहि नाहीं. परंतु आमच्या घराण्यांत त्याची कथा मोठी. बांधावरचा फणस तोडण्यावरून आजोबांचें व त्यांच्या चुलतभावाचें भांडण जुंपलें, तेव्हां आजोबांनीं ओटीवर येऊन हवेंत बार काढला, आणि पलीकडची मंडळी कुऱ्हाड टाकून पळाली, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. पलीकडच्या घरीं हीच कथा निराळी. आमच्या आजोबांनीं नेम धरून गोळी झाडली, पण कुलस्वामीच्या कृपेनें ती कानाजवळून गेली, असें ते सांगत. त्याच वर्षीं घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. अलीकडे एका पावसाळ्यांत ती भिंत कोसळली. ती कोणी बांधावी व वीतभर इकडे कीं तिकडे, यावरून पलीकडच्या घरचे आमचे वडील चुलतबंधु अण्णा यांच्याशीं गेलीं सहा वर्षें आमचें बोलणें नव्हतें.

गेल्या वर्षीं छप्पर शाकारतांना ती पेटी खालीं आली, आणि पिस्तूल एका संग्रहालयास द्यावें म्हणून आम्ही तें घेऊन गेलों. तेथील तरुण अभ्यासकानें तें निरखलें. घोड्याची कमान तुटलेली होती, टोपी ज्या बोंडावर बसवितात तें गंजून बंद झालेलें होतें. मग त्यानें एक पितळी गज नळींत सोडला, तोंडाशीं खूण केली, आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहिला. खूण दोन बोटें उणी पडली. त्यानें पिस्तूल अलगद भिंतीकडे तोंड करून ठेवलें व म्हणाला, “सर, हें भरलेलें आहे.”

आमच्या अंगास दरदरून घाम सुटला. नळींत पाणी व तेल सोडून तें दोन दिवस भिजत ठेवलें; मग पेंचाच्या गजानें आंतला माल उपसला. प्रथम जुन्या धोतराची चिंधी, मग शिशाची गोळी, आणि तळाशीं काळ्या चिखलासारखी दारू. सारें यथासांग ठासलेलें. हवेंत बार काढणाऱ्या आजोबांनीं मागाहून तें पुन्हां कां भरून ठेवावें? हें कोडें सुटेना, तेव्हां आम्ही ब्याण्णव वर्षांच्या आत्याकडे गेलों. भांडणाच्या वेळीं ती सहा-सात वर्षांची होती.

“बार? कसला बार?” आत्या म्हणाली. “बाबा ओटीवर बसून ठासत होते. बाहेर धो धो पाऊस. ठासून झालं तशी त्यांनीं टोप्यांची डबी मागितली. आई म्हणाली, शोधतें. ती आंत गेली ती शोधीतच राहिली. मला पोटाशीं धरून कणगीमागं बसली होती, आणि डबी तिच्या ओच्यांत.”

“मग?”

“मग काय! बाबांनीं दोनदां हांक मारली. मग पाऊस उघडला. बाबा उठले, नि आंघोळीला गेले.”

“आत्या, हें आजवर सांगितलं कां नाहींस?”

“मला कोणी विचारलं होतं?”

आम्ही बराच वेळ गप्प बसलों. जो बार उडालाच नाहीं त्यावर दोन घरांनीं पाऊणशें वर्षांहून अधिक काळ वैर चालविलें होतें. एका घरास शौर्यासाठीं तो हवा होता, दुसऱ्यास गाऱ्हाण्यासाठीं. वीहॉकनच्या कड्यावर जो सिद्धांत लंगडा पडला होता त्याचा दुसरा पायहि त्या क्षणीं सांपडला. जुनें पिस्तूल सवड देतें, एवढेंच. ती सवड कोणीतरी वापरावी लागते. हॅमिल्टन व बर यांच्या साहाय्यकांनीं सर्व व्यवस्था चोख ठेवली होती; मागितलेली वस्तु वेळेवर हातांत पडत होती. डबी ओच्यांत लपवून “शोधतें” म्हणणारें त्यांच्याजवळ कोणी नव्हतें.

त्याच संध्याकाळीं अण्णांचा भिंतीविषयीं एक खोंचक निरोप आमच्या भ्रमणध्वनीवर आला. त्याला तोडीस तोड असें उत्तर आम्हीं बोटांनीं उमटविलेंहि. इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापकास शोभेल असेंच तें धारदार होतें. आंगठा टेकविण्याचा काय तो अवकाश! दारू नको, गज नको, टोपी नको. आम्ही तें यंत्र टेबलाच्या खणांत ठेवलें, शाईचें पेन काढलें, आणि अण्णांस आत्याची सारी कथा चार पानें भरून लिहिली. ती शिशाची गोळीहि पाकिटांत घालावी असें मनांत आलें होतें. परंतु भाऊबंदकींत गोळी पाठविण्याचा अर्थ भलताच व्हावयाचा, म्हणून ती टेबलावरच राहिली.

बारा दिवसांनीं अण्णांचा आवाज कानावर आला. “तुझं पत्र वाचलं. आमच्या आजोबांच्या कानाजवळून गेलेली गोळी तुझ्या टेबलावर आहे म्हणतोस?” आणि ते हंसले. सहा वर्षांत तें हंसणें आम्हीं ऐकलें नव्हतें. “मृगाच्या आधीं ये. भिंतीचं बघूं.”

आम्ही जाऊन आलों. वीतभर जागेचा निकाल अद्याप लागलेला नाहीं, पण दोन्ही घरांचा चहा आतां एकाच ओटीवर होतो. पिस्तूल संग्रहालयांत आहे. त्याखालीं ‘टोपीचें एकनळी पिस्तूल, एकोणिसावें शतक’ एवढीच चिठ्ठी लावलेली आहे, आणि शेजारच्या नक्षीदार हत्यारांपुढें त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. टोप्यांची ती डबी मात्र आजीनें कोठें ठेवली, तें आत्यासहि सांगतां आलें नाहीं.